बाटली नंबर एक

मी क्षमाशील माणूस नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाची निराशा व्हायला नको. प्रयोगशाळेत काम करणाऱ्याचं डोकं थंड असावं म्हणतात. माझं सात वर्षं तापलेलं होतं, आणि त्या तापल्या डोक्यानंच मी पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, जंतूचा डीएनए कापायला शिकलो. संशोधनाची ओढ, समाजाची सेवा वगैरे मुलाखतीत सांगितलं होतं. ते खोटं होतं. मला आमच्या गावातलं एक घर उघडं पाडायचं होतं.

आमचं गाव ताडकळसपासून पायी तासाभराच्या अंतरावर आहे. वरच्या अंगाला शेतीवाल्यांची आळी, खालच्या अंगाला आमची बौद्ध वस्ती आणि मधोमध पिण्याच्या पाण्याचा आड. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली आमच्या कडब्याच्या गंजी पेटल्या. त्या राखेवर उभं राहून वस्तीनं दोन-तीन वर्षं अर्ज केले, उपोषणं केली, तहसिलीसमोर बसली, आणि शेवटी आडावर पोहरा सोडायचा हक्क मिळवला. वरच्या आळीनं तो दिला नाही, तिच्या हातून तो सुटला. ही गोष्ट त्यांनी मनात ठेवली आणि निमित्ताची वाट बघत बसले.

निमित्त पोळ्याच्या आठवड्यात आलं. मी तेव्हा परभणीला बी. एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो. दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी नामांतर कृती समितीच्या खोलीत पत्रकं लिहायची. पत्रकाची रीत मला तिथंच शिकवली गेली: पहिल्या ओळीत आरोप, दुसरीत पुरावा, तिसरीत मागणी, आणि विशेषणं कमी. सणाला म्हणून, पण पोळा होऊन तीन-चार दिवसांनी, गावी आलो तर वस्तीत घरोघर माणसं आडवी. उलट्या, जुलाब, डोळे खोल गेलेले. एक म्हातारी आणि एक तान्हं लेकरू आधीच गेलं होतं.

वरच्या आळीतही माणसं आडवी होती, पण तिथं पटकी नव्हती. तिथं कुणाला ऊन लागलं होतं, कुणाला पुरणपोळी बाधली होती. सरपंचाच्या धाकट्या भावाला तर पोळ्याच्या आदल्या दिवशीच जीपमध्ये घालून शहरातल्या खाजगी दवाखान्यात नेलं होतं. गावाला सांगितलं, मुतखडा. गावात जीप एकच होती, त्यांची.

आरोग्य सेवक सायकलवर खोकं बांधून आला. नाकाला रुमाल लावून शाळेच्या ओट्यावर बसला आणि तिथून हलायलाच तयार होईना.

"तू सायन्सचा ना?" मला म्हणाला. "मग तूच घे की नमुने. बाटल्यांवर नंबर टाक, नाव टाक, कागदावर उतरव. हुशार दिसतोस."

मी फुशारलो. एकोणीस वर्षांचा होतो आणि जंतूंवरचा एक धडा वाचलेला होता. खोकं उचललं आणि आधी वरच्या आळीत गेलो. रोग बघायचा तर सगळं गाव बघायचं, एवढं मला कळत होतं.

पहिल्या दाराशी बाई म्हणाली, "आमच्यात कुणी आजारी न्हाई." आतून ओकारीचा आवाज येत होता. दुसऱ्या दारात म्हातारा उभा. त्यानं मला पायापासून वर बघितलं.

"खालचा न्हवं तू?"

"व्हय आजोबा. शौचाचा नमुना पाहिजे. औषध ठरवायला."

"आमचं हागलेलं तू घिऊन जाणार? अन् त्याच्यावर आमच्या घरचं नाव लिवणार? चल, हो म्होरं."

मेलेली ढोरं ओढायला पिढ्यान्‌पिढ्या आमचे हात चालले. पण त्यांची घाण बाटलीत भरून तिच्यावर नाव लिहायला मात्र आमचा हात चालेना. मी आळीतली सगळी दारं फिरलो. एकही बाटली भरली नाही.

ओट्यावर परत आलो तर आरोग्य सेवक रडकुंडीला आला. "रिकामं खोकं नेलं तर साहेब मला खाईल. खाली जा. तुमच्यातून भरून आण सगळ्या. एकाच्या दोन घेतल्यास तरी चालंल."

वस्तीतही कुणी पुढे येईना. माणसं लाजत होती. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. तेव्हा माझी आत्या उठली. आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण, विधवा, ताडकळसच्या बाजारात शेपू-मेथीच्या जुड्या विकून पोट भरणारी. तिला सकाळपासून दोनदाच जुलाब झाले होते. वस्तीत तिच्यापेक्षा कितीतरी जास्त आजारी माणसं होती.

"आण रं ती शिशी इकडं," ती म्हणाली. "एवढं शिकून आलास अन् हेच गोळा करायलास व्हय?" सगळे हसले. मग बायांकडं वळून, "बगा गं, मी देऊन आले. मेले का? चला, लाजू नका. लेकराला उशीर व्हायलाय."

तिनं दिली म्हणून बाकीच्यांनी दिली. मी तिच्या बाटलीवर सुबक अक्षरात एक नंबर टाकला. पुढे दोन, तीन असं करत खोकं भरलं. काहींच्या दोन-दोन झाल्या. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. परभणीला जाऊन समितीच्या खोलीत ऐटीत सांगितलंसुद्धा.

महिन्याभरानं अहवाल आला. सरपंचानं तो शाळेच्या पटांगणात गाव बोलावून स्वतः वाचला. प्रथम रुग्ण, स्त्री, बौद्ध वस्ती. सर्व बाधित नमुने याच वस्तीतील. वाचून झाल्यावर चष्मा काढून म्हणाला, "मी न्हाई मनत. सरकार मनायलंय. ह्याच्यात जातीचा काई संबंध न्हाई."

लगेच ठराव झाला. रोग आटोक्यात येईपर्यंत खालच्या वस्तीनं आडावर येऊ नये. आटोक्यात येईपर्यंत, हे दोन शब्द लक्षात ठेवा. रोग पुढच्या पंधरा दिवसांत गेला. ठराव सात वर्षं राहिला. आमच्या बाया नाल्याच्या कडेला झरा उकरून वाटीवाटीनं पाणी भरायला लागल्या.

आणि आत्याला नाव पडलं, पटकीवाली. पोरं मागे ओरडायची. बाजारात तिच्या पाटीपुढं थांबलेली बाई दुसरीनं कोपरानं ढोसली की जुडी खाली ठेवून निघून जायची. सुकलेली मेथी पाटीत घेऊन ती संध्याकाळी पायी परत यायची. तीन-चार बाजार तिनं काढले, मग पाटी उलटी करून भिंतीला लावली आणि दुसऱ्याच्या रानात निंदायला जायला लागली.

मी पत्रकं लिहिली. मोर्चा काढला. तहसिलीतला अधिकारी शांतपणे म्हणाला, "हा शास्त्रीय अहवाल आहे. तुमच्याकडे काय आहे? पत्रक?" आणि हसला.

ते हसू घेऊन मी एम. एस्सी. केलं. ते हसू घेऊन मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत संशोधक म्हणून लागलो. बाकीची मुलं विषय निवडताना परदेशातल्या जागा बघत होती. मी मॅडमना सांगितलं, मला पटकी पाहिजे, आणि मराठवाड्यातलीच पाहिजे. मॅडम म्हणजे आमच्या मार्गदर्शक. कामाला कडक होत्या, पण मनानं सरळ. त्यांना वाटलं, मुलाला आपल्या भागाची कळकळ आहे.

काम काय होतं ते सांगतो. जंतूचा डीएनए काढायचा. विकर नावाचं रसायन ठरावीक जागीच तो कापतं. ते तुकडे जेलीच्या पातळ थरात सोडून वीज लावली की लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे रेंगाळतात. मग फिल्मवर काळ्या पट्ट्या उमटतात. एकाच कुळातल्या जंतूंच्या पट्ट्या सारख्या पडतात. जंतूचा संपूर्ण जीनोम अक्षर-अक्षर वाचायला अजून वर्षं लागतील, असं मॅडम म्हणायच्या. आमच्या हातात या पट्ट्याच होत्या. मला तेवढ्या पुरे होत्या.

पटकीचा जंतू मेणानं तोंड बंद केलेल्या बारक्या बाटलीत वर्षानुवर्षं जिवंत राहतो. सरकारी संग्रहातून अशा जुन्या बाटल्या आमच्याकडे आल्या, सोबत त्यांचे मूळ कागद. मराठवाड्याची फाईल मी सगळ्यांच्या आधी उचलली. आमच्या गावाचा कागद निघाला.

कागद माझ्याच अक्षरात होता. वर छापील रकाने: रुग्ण क्रमांक, नाव, वय, वस्ती, आजार सुरू झाल्याचा दिवस. आजार सुरू झाल्याचा दिवस मी एकाही ओळीत भरला नव्हता. रुग्ण क्रमांकाच्या रकान्यात मी बाटलीचा नंबर टाकला होता. जो आधी देईल त्याला आधीचा. जिनं इतरांची लाज मोडावी म्हणून आधी दिलं, तिला मी एक नंबर दिला. आणि वर कुठल्या तरी टेबलावर कुठल्या तरी साहेबानं तारीख नाही बघून क्रमांकच खरा धरला. पहिला रुग्ण.

सात वर्षं मी आरोग्य सेवकाला, साहेबाला, सरपंचाला शिव्या देत होतो. पटकीवाली हे नाव माझ्या सुबक अक्षरात लिहिलं गेलं होतं. त्या दिवशी मी कँटीनमध्ये जेवलो नाही. वाटलं, गावी जाऊन आत्याच्या पाया पडावं. मग दुसरा विचार आला आणि तोच टिकला: मी चुकलो, पण वरच्या आळीची दारं मी लावली नव्हती. माझ्या चुकीचा त्यांना सात वर्षं उपयोग झाला. आता तो बंद करायचा.

त्याच फाईलमध्ये शहरातल्या खाजगी दवाखान्यानं पाठवलेला एक कागद होता. पुरुष, व्यवसाय शेती, गाव आमचं. नमुना घेतल्याची तारीख पोळ्याच्या आदल्या दिवसाची. निदान पटकी. मुतखड्याला जंतू लागला होता!

त्याच्या बाटलीतले आणि आमच्या वस्तीच्या बाटल्यांतले जंतू वाढवले. आजूबाजूच्या गावांचेही घेतले. तीन वेळा कापले, तीन वेळा फिल्म काढली. बाकीच्या गावांच्या जंतूंत वरून तिसरी पट्टी होती. आमच्या वस्तीतल्या जंतूंत ती नव्हती. सरपंचाच्या भावाच्या जंतूतही ती नव्हती. ओली फिल्म हातात धरून मी हसलो. तहसिलीतल्या त्या अधिकाऱ्यासारखाच हसलो असेन.

मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फिल्म उजेडात धरून बघितली. "काम सुंदर आहे. पण गावाचं नाव येणार नाही, आणि या माणसाचा उल्लेख फक्त सांकेतिक क्रमांकानं. तो पेशंट आहे. आजारी पडणं हा गुन्हा नाही."

"मॅडम, हे माझ्या आत्याला कुणी सांगितलं नाही."

"मला वाईट वाटतं. पण यात जात आणू नकोस. डेटामध्ये जात नसते."

"डेटा गोळा करणाऱ्याला दारातून हाकलतात तेव्हा असते."

त्यांनी फिल्म टेबलावर ठेवली. मग म्हणाल्या, "तू हे बाहेर नेलंस, तर शोधनिबंधावर तुझं नाव राहणार नाही. मला तसं करावंच लागेल."

त्यांचं बरोबर होतं. आजही मला तसंच वाटतं. मी खोलीवर गेलो आणि पत्रक लिहायला बसलो.

पहिल्या ओळीत आरोप: गावात पटकी वरच्या आळीतून आली. दुसरीत पुरावा: तारखा आणि पट्ट्या. मग माझी चूक, तीही नावानिशी, म्हणजे माझ्या नावानिशी. एक नंबर मी टाकला आणि तो चुकीचा वाचला गेला, हे छापलं. आत्यानं तेव्हाच पाहिलेली, पण कुणी ऐकून न घेतलेली एक गोष्टही छापली: जीप गेल्यावर त्या घरच्या गड्यानं आजाऱ्याच्या गोधड्या आडाच्या कट्ट्यावर धुतल्या होत्या. हे पट्ट्या सांगत नाहीत, हे एका बाईनं डोळ्यांनी पाहिलंय, असंही स्पष्ट लिहिलं. तिसरीत मागणी: ठराव रद्द करा. रुग्णाचं नाव मी छापलं नाही. मॅडमना तेवढा मान दिला. नुसतं छापलं, "पोळ्याच्या आदल्या दिवशी जीपमधून नेलेला रुग्ण." गावात जीप एकच होती, हे मी वर सांगितलंच आहे.

ताडकळसच्या बाजाराच्या दिवशी पत्रकं वाटली. आत्याची पाटी जिथं असायची तिथं उभा राहून वाटली. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवली. दुपारपर्यंत माणसं एकमेकांना विचारत होती, "मुतखडा कसा हाय आता?" संध्याकाळी जीप बाजारातून निघाली तेव्हा पोरं दोन्ही बाजूंनी नाकं धरून उभी होती. सरपंचाच्या पुतणीची सोयरीक चालली होती, ती मंडळी चहा न घेता परत गेली असं ऐकलं. पोरीचा काही दोष नव्हता. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सरपंच आत्याच्या दारात आला. जन्मात पहिल्यांदा. मी आत भाकरी खात होतो. आत्यानं बाज टाकली. तो टेकला, न टेकल्यासारखा.

"बाई, पोराला समजावून सांग. गावाची अब्रू जायलीय."

"कोन्त्या गावाची, सरपंच? माझी गेली तवा तुमीच वाचून दाखवलं की पटांगणात."

"ते सरकारचं होतं."

"हे सायन्सचं हाय," आत्या म्हणाली. हसू दाबताना मला आत ठसका लागला.

मग ती उठली, तांब्या भरून आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. पाणी गढूळ होतं. नाल्याच्या झऱ्याचं दुसरं कसं असणार? वर एक काडी तरंगत होती.

"घ्या. उन्हाचं आलात."

त्यानं तांब्याकडं बघितलं. "मला तहान न्हाई."

"प्या की. तुमच्याच ठरावाचं पानी हाय. सात वर्सं आमी पेतो, आमाला कुटं काय झालं?"

"बाई, उगं ताणू नको."

"तान न्हाई तर बसा लागंपर्यंत," असं म्हणून ती समोर शेंगा फोडत बसली. सरपंच बाजेवर, मधे तांब्या, आणि शेंगांचा कट-कट आवाज. वस्तीतली माणसं एकेक करून कुडाशी येऊन उभी राहिली. माझ्या हातातली भाकरी तशीच होती. इतकी वर्षं मी सूड म्हणून काय काय कल्पिलं होतं, भाषणं, घोषणा, पोलीस. आत्याला एक तांब्या पुरला.

शेवटी तो उठला. "घेतो ठराव मागं. पत्रकं बंद करा."

"आदी ठराव," मी दारातून म्हणालो. "आन् त्यात लिहा, प्रथम रुग्ण वस्तीतला नव्हता."

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते मी इथं लिहीत नाही. मला ते आवडलं एवढंच.

ठराव झाला. रोग आटोक्यात आल्याचं ग्रामपंचायतीला सात वर्षांनी समजलं. माझं वाक्य मात्र त्यांनी अर्धंच घातलं: "पूर्वीच्या अहवालाबाबत दुमत आहे." दुमत! तेवढ्यासाठी माझं अजून भांडण चालू आहे, आणि चालू राहील. शोधनिबंध छापून आला, त्यावर माझं नाव नाही. मी ती प्रयोगशाळा सोडली. दुसरीकडे क्षयाच्या जंतूंवर तेच काम करतो. माझ्या नमुन्यांच्या कागदावर एक जादा रकाना असतो: कोणी नमुना दिला नाही, आणि का दिला नाही. नवे सहकारी विचारतात, याचा उपयोग काय? मी सांगतो, आधी भरा.

नामांतर अजून झालेलं नाही. पत्रकं अजून लिहितो.

ठरावानंतर आत्या आडावर गेली त्या सकाळी मी सोबत होतो. वरच्या आळीच्या बाया कट्ट्यावरून खाली उतरून बाजूला उभ्या राहिल्या, शिवाशीव नको, आत्याचं होईपर्यंत थांबायचं म्हणून. आत्यानं पोहरा सोडला, घागर भरली, निरखून बघितली, ओतून टाकली. राख घेतली आणि घागर आतून-बाहेरून घासली. परत भरली. परत निरखून बघितली. परत ओतली. ऊन वर आलं. बाया रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन तशाच उभ्या.

"आवर की गं जरा," त्यातली एक म्हणाली.

"आवरते, माय," आत्या म्हणाली, आणि पुन्हा राख घेऊन घासायला बसली.